गुलाबी फाइल, निळी फाइल

जानेवारीत दिल्लीच्या सरकारी कचेरीत घाम पुसत बसलेली बाई म्हणजे सगळ्यांची फुकटची करमणूक. आमच्या खोलीत आम्ही चौघी. मध्ये हीटर, त्याच्याभोवती तिघी शाली गुंडाळून बसलेल्या, आणि चौथी मी, सुती साडीत, स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकून, पाण्याची स्टीलची बाटली मानेला लावून. छातीच्या मधोमध काहीतरी पेटायचं. तिथून मान, कान, टाळू. दोन-चार मिनिटं जाळ, मग घाम, आणि घाम वाळला की अशी हुडहुडी भरायची की स्वेटर परत अंगात. दिवसातून दहा-बारा वेळा हेच. खिडकी उघडली की बाहेरचा धूर आत यायचा आणि बायका खोकायला लागायच्या, "मॅडम, प्लीज, बाहर जहर है." बंद केली की मी आत शिजायचे. त्या खिडकीवरून रोज बाचाबाची व्हायची आणि रोज मीच हरायचे.

उन्हाळा त्यापेक्षा बरा. मे महिन्यात दिल्लीत सगळेच निथळत असतात, माझा घाम कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बुद्धपौर्णिमेला फरीदाबादच्या आमच्या विहारात मी पांढऱ्या साडीत वंदनेला बसले होते, तेव्हा पुढच्या ओळीतल्या सगळ्या बायकांच्या पाठी ओल्या होत्या. त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं वर्षभरात कधी वाटलं नव्हतं. चारचौघींसारखी दिसत होते मी, एवढंच.

मी स्टेनोग्राफर. चोविसाव्या वर्षी परीक्षा पास होऊन नागपूरहून दिल्लीला आले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. हुद्दा बदलत गेला, पण काम तेच. साहेब बोलतात, मी वहीत लघुलिपीत उतरवते आणि मग टाइप करते. लघुलिपी म्हणजे नुसत्या रेघा. एक रेघ हलक्या हातानं काढली तर एक अक्षर, तीच जरा दाबून काढली की दुसरं. सगळा खेळ बोटांच्या दाबाचा. आजकालचे तरुण अधिकारी फोनसमोर बोलतात आणि फोनच टाइप करून देतो. आमचे साहेब जुन्या वळणाचे. "मशीन वही लिखती है जो मैं बोलता हूँ," ते लोकांना सांगायचे, "मॅडम वो लिखती हैं जो मुझे बोलना था." या एका वाक्यावर माझी खुर्ची टिकून आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ती खुर्ची गेली तर मी कोण, हे मात्र ठाऊक नव्हतं.

अंगाचा जाळ सुरू झाला तशी मी आमच्या दवाखान्यात लेडी डॉक्टरकडे गेले. सरकारी नोकरांचा दवाखाना, सगळं कार्डावर चालतं. बाई चांगल्या होत्या, पण बाहेर तीस जणी बाकावर बसलेल्या. "मेनोपॉज है, कोई बीमारी नहीं है. सोयाबीन खाइए, टहलिए, गुस्सा कम कीजिए." गुस्सा कम कीजिए हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे रिपोर्ट असं सगळं मी एका गुलाबी फाइलला लावलं आणि ती फाइल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

त्याच सुमारास बोटं सुरू झाली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. ब्लाउजची हुकं लावायला पंधरा मिनिटं. डब्याचं झाकण उघडेना, कपडा पिळता येईना, पोळी लाटताना लाटणं हातातून निसटायचं. नवऱ्यानं न बोलता कणीक भिजवायला घेतली. मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायचे आणि तो तवा तापवायचा. अकराच्या सुमारास बोटं मोकळी व्हायची, म्हणजे त्यातल्या त्यात. बोटांच्या मुळाशी सूज कायमच असायची. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना, तेव्हा करोल बागेत एका सोनाराकडून कापून घेतली.

ऑफिसात तिघी म्हणाल्या, "ये उमर में होता है." शेजारीण तेच म्हणाली. नवरा म्हणाला, "या वयात होतं ना यार, ताण घेऊ नकोस." मीही तेच म्हणायला लागले. मोठं सोयीचं वाक्य आहे ते. एकदा म्हटलं की कुणालाच पुढं काही करावं लागत नाही.

हाडांचं दुखणं म्हणून दुसरी फाइल उघडली, निळी. ती नवऱ्याच्या बॅगेत असायची. त्याचं ऑफिस फरीदाबादलाच, आमचा तो दवाखाना त्याच्या वाटेवर. मला रोज सकाळी पावणेनऊची मेट्रो पकडायची असायची, म्हणून माझं कार्ड घेऊन तोच जायचा. तिथले वयस्कर डॉक्टर चष्म्यावरून बघून विचारायचे, "वही चल रहा है?" हा म्हणायचा, "जी." दुखण्याची गोळी, कॅल्शियम, चोळायचं मलम. महिन्याचं औषध मिळायचं, महिना संपला की परत तेच. पहिल्या खेपेनंतर त्या डॉक्टरांनी माझे हात कधी बघितले नाहीत, कारण हात मेट्रोत बसून दिल्लीला गेलेले असायचे.

आता मला कुणी विचारतं की लेडी डॉक्टरला बोटांचं का नाही सांगितलं, आणि त्या डॉक्टरांना बाकीचं का नाही कळवलं. याचं उत्तर द्यायची मला लाज वाटते. सरकारी कामाचा पहिला नियम, जो मी नव्या भरतीच्या कितीतरी मुलामुलींना शिकवला, तो हा की एका पत्रात एकच विषय. दोन विषय घातले तर पत्र दोन टेबलांवर फिरतं आणि उत्तर एकही टेबल देत नाही. लेडी डॉक्टरनं एकदा विचारलं होतं, "और कोई तकलीफ?" मी म्हटलं, "नहीं." खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. बोटं त्या फाइलचा विषय नव्हती. आणि नवऱ्यानं त्या म्हाताऱ्या डॉक्टरांसमोर माझी पाळी काढायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. त्यालाही होत नसावी, कारण गुलाबी फाइल त्यानं कधी मागितली नाही.

संध्याकाळी अंगात कणकण असायची. थर्मामीटर लावला तर निन्याण्णवच्या वर. मी ते गुलाबी फाइलमध्ये टाकलं, गरम ते गरम. जिना चढताना पाय उचलायचे नाहीत, रविवारी दुपारी झोपले तर उठवेना. तेही गुलाबी फाइलमध्ये. वजन चार किलो उतरलं तेव्हा तर ऑफिसातल्या बायकांनी अभिनंदन केलं.

आईला फोनवर सांगून बघितलं. आई नागपूरला भावाकडे असते. उभा जन्म तिनं इमारतीच्या कामावर विटा वाहिल्या. "मले तर कळलंच नाही बाई कधी बंद झालं ते," ती म्हणाली. "डोक्यावर घमेलं असलं की गरम काय अन् थंड काय." ती मला टोमणा मारत नव्हती, खरं तेच सांगत होती. पण मी पंख्याखाली खुर्चीत बसून रडणारी बाई. त्यानंतर आईलाही सांगणं बंद केलं.

मग गेल्या डिसेंबरात ते झालं. सकाळी दहाला साहेबांनी बोलावलं. मंत्र्यांच्या बैठकीसाठी चार पानी टिपण होतं, बाराच्या आत हवं होतं. मी वही उघडली. ते बोलायला लागले आणि दुसऱ्याच मिनिटाला छातीत पेटलं. घाम भुवयांवरून डोळ्यांत, पेन्सिल बोटांत ठरेना. थांबा म्हणायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत मी साहेब लोकांना कधी थांबा म्हटलेलं नाही. तशीच लिहीत राहिले.

जागेवर येऊन वही उघडली तर सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या. हलकी कुठली, दाबलेली कुठली, काही कळेना. मला माझंच अक्षर वाचता येत नव्हतं. पहिलं पान कसंबसं जुळवलं. दुसऱ्या पानावर एक अख्खा परिच्छेद नुसता गिचमिडा. तेव्हा मी जे केलं ते मी कुणाला करू दिलं नसतं. साहेब असं असं म्हणाले असतील, अशा अंदाजानं तो परिच्छेद मी स्वतःच रचला, टाइप केला आणि नेऊन दिला.

साहेबांनी वाचलं. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबले. "ये मैंने कहा था?" त्यांनी स्वतःच्या पेनानं तो परिच्छेद खोडला, समासात बारीक अक्षरात नवा लिहिला आणि कागद माझ्याकडे दिला. "आप थक गई हैं, मॅडम," ते म्हणाले. "अब आराम कीजिए." ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडा मी खूप खाल्लाय, त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर फोन उभा करून ठेवलेला होता. दार अर्धवट उघडं होतं आणि ते फोनशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. मी माझ्या जागेवरून सगळं ऐकत होते. वही पुढ्यात, पेन्सिल तासलेली. त्या दिवशी मला कुणीही आत बोलावलं नाही.

त्याच दिवशी चार वाजता, बोटं जरा हलत होती तेव्हा, मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून सही केली. तीन महिन्यांची नोटीस. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं केलंस. चलो, आता आराम कर बिल्कुल." माझ्या हातात ताट होतं. ते भिंतीवर फेकून मारावं असं फार वाटलं, पण तेवढा जोर हातात नव्हता. मी ते ओट्यावर ठेवलं आणि तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडले. सगळे किती तयार बसले होते मला घरी बसवायला. साहेब, नवरा, ऑफिसातल्या तिघी, आणि माझं स्वतःचं अंग. एवढ्या सगळ्यांशी भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. रात्री अंग जळायचं, सकाळी हात मोडायचे, आणि मधल्या वेळात मी दिवस मोजायचे. असं जगून करायचं काय, हे मी तेव्हा रोज म्हणत होते, मनातल्या मनात आणि कधी कधी मोठ्यानंही.

फेब्रुवारीत गुलाबी फाइल घेऊन दवाखान्यात गेले तर लेडी डॉक्टर रजेवर. त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टर. माझ्या मुलाच्या वयाचा असेल, म्हणजे मुलगा असता तर. परत जावं असा विचार करत होते, पण नंबर लागला होता. त्यानं कार्डाचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि पडद्याकडे बघत बसला. तिथे फाइलींचे रंग नव्हते. दोन्ही डॉक्टरांनी दिलेलं सगळं एकाखाली एक.

"ये दर्द की गोली सवा साल से आप खा रही हैं?"

"जी."

"दर्द तो आपने बताया ही नहीं."

"वो दूसरी फाइल में है," मी म्हटलं. अगदी सवयीनं, कुणी ऑफिसात विचारल्यासारखं.

तो पडद्याकडून माझ्याकडे वळला. "हाथ दिखाइए," म्हणाला. मी दाखवले. त्यानं माझा उजवा पंजा आपल्या हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. बाहेरच्या बायका दारातून डोकावल्या.

"सुबह कितनी देर अकड़े रहते हैं?"

"ग्यारह बजे तक."

"और बुखार आता है?"

"वो तो मेनोपॉज का है."

"मेनोपॉज में पसीना आता है, मॅडम. बुखार नहीं आता."

त्यानं रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, हातांचा एक्स-रे लिहिला आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बघितले. संधिवात. वयानं सांधे झिजतात तो नव्हे, दुसरा. यात शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते आणि आत दाह चालू राहतो. एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी मला उजव्या हाताची दोन हाडं दाखवली, तर्जनी आणि मधलं बोट जिथून सुरू होतात तिथली. त्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या. "दवा से बीमारी रुक जाएगी," त्या म्हणाल्या. "जो घिस गया, वो वापस नहीं आएगा." मी विचारलं, पहले आती तो? त्या म्हणाल्या, "एक साल पहले आतीं तो बचा लेते."

आणि तो दुसरा जाळ? तोही खराच होता, त्या म्हणाल्या. त्याचंही औषध आहे, वेगळं, तेही बघू. मला वाटलं होतं दोन्हीतलं एक तरी खोटं निघेल.

घरी येताना मेट्रोत नवरा माझ्या शेजारी बसला होता. बदरपूर गेल्यावर मला कळलं की तो रडतोय. माणसांनी भरलेल्या डब्यात, निळी फाइल मांडीवर घेऊन. "मीच आणत होतो त्या गोळ्या," तो म्हणाला. "दर महिन्याला. मीच जी जी म्हणत होतो." तुझी चूक नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला कुणीतरी दोषी हवं होतं आणि तो शेजारी होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्याला रडू दिलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पण एक झालं. त्या तज्ज्ञ बाईंना मी जाता जाता विचारलं होतं की काम करू शकेन का. "क्यों नहीं?" त्या म्हणाल्या होत्या. लघुलिपी आता नाही, पण औषध लागू पडलं की टाइप करता येईल, फाइली सांभाळता येतील. घरी बसायची गरज नाही. दोन दिवस मी ते क्यों नहीं तोंडात घोळवत होते. मग साहेबांकडे गेले आणि पहिल्यांदाच सगळं एका दमात सांगितलं, जाळ, बोटं, तो मी रचलेला परिच्छेद, सगळं. ते ऐकून घेत राहिले. "डिक्टेशन छोड़िए," शेवटी म्हणाले. "इस दफ्तर की फाइलें आपके सिवा किसी को मिलती भी हैं? अर्जी वापस लीजिए."

नोटिशीची मुदत संपायला आठच दिवस होते आणि मध्ये होळीच्या सुट्ट्या. मी रात्रीच दोन बोटांनी पत्र टाइप केलं; सही मात्र शाखेत, बाबूच्या समोर बसूनच करावी लागते. आईला फोन करून सांगितलं की नोकरी सोडत नाही. मग सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाला आस्थापना शाखेत गेले.

तिथला बाबू माझ्या ओळखीचा. नोकरीत नवा होता तेव्हा टिपण कसं लिहायचं हे मीच त्याला शिकवलेलं. त्यानं माझं सेवापुस्तक काढलं, डिसेंबरचा अर्ज काढला आणि पेन पुढे केलं. "यहाँ साइन कर दीजिए, मॅडम."

साडेदहा वाजले होते. बोटं अजून बांधलेलीच. मी पेन धरलं आणि सही केली. त्यानं ती बघितली, डिसेंबरची बघितली, सेवापुस्तकातली बघितली. "एक बार और कर दीजिए." मी आणखी एक केली. पहिलं अक्षरच कोसळलं. तिसऱ्या वेळी डाव्या हातानं उजवं मनगट धरून केली. ती तर माझी नव्हतीच.

"मैच नहीं हो रहा, मॅडम."

"मैं तेरे सामने बैठी हूँ."

"मैं तो पहचानता हूँ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कागज नहीं पहचानेगा. देने वाला साइन और वापस लेने वाला साइन एक जैसा होना चाहिए."

शाम को आती हूँ, मी म्हटलं, शाम को हाथ खुल जाते हैं. तो म्हणाला, फाइल बाराच्या आत वर गेली नाही तर साहेब लोक सुट्टीवर निघतील, मग मुदतच संपेल. थोडा वेळ तो ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिला. मग त्यानं शाईचं पॅड काढून टेबलावर ठेवलं आणि त्याचं झाकण स्वतःच उघडलं, कारण मला ते उघडता आलं नसतं.

"अंगूठा लगा दीजिए. मैं अभी अटेस्ट करवा देता हूँ."

माझ्या आजीनं जन्मभर अंगठा दिला. आईनं चाळिसाव्या वर्षापर्यंत दिला. मग मी आठवीत असताना चुलीपुढे बसवून माझ्या जुन्या पाटीवर तिला सही शिकवली, महिनाभर, रोज कामावरून आल्यावर. त्यानंतर एकदा रेशनच्या दुकानात दुकानदारानं तिच्यापुढे पॅड सरकवलं, तेव्हा तिनं ते बोटानं परत ढकललं आणि पेन मागितलं. मागची रांग कुरकुरत होती. आईनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मी तिच्या पदराला धरून उभी होते आणि माझी छाती फुगली होती.

मी त्या पॅडकडे बघत बसले. उठून जावं असं वाटलं. पण उठले असते तर नोकरी गेली असती, आणि ही नोकरीही त्याच पाटीवरून आलेली. मी अंगठा पुढे केला. बाबूनं तो आपल्या दोन बोटांत अलगद धरला, दुखू नये म्हणून अगदी हळू फिरवला आणि कागदावर टेकवला. मग मान खाली घालूनच कागद घेऊन आत गेला. बाराच्या आत मंजुरी आली.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिनं दिवसभर वाट बघितली होती.

"घेतला का वापस अर्ज?"

"घेतला."

"मंग, सही करून आली?"

"हो आई," मी म्हटलं. "सही करून आले."